भुत्याची हजामत

माझ्यावर हसायचं तर खुशाल हसा, फक्त हातातला चहा आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या शेजारच्या सावंतांनी एकदा अख्खा कप स्वतःच्या मांडीवर ओतला होता. आणि सावंत तर त्या प्रसंगी स्वतः हजर होते.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. भाईंदर म्हणजे तेव्हा खाडी, मिठागरं आणि त्यांच्या कडेला आमची बैठी चाळ. माझी बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात मी आणि तिचा कुत्रा. मुद्दामच तिचा म्हणतोय. तिचा भाऊ लष्करात, त्यानं पहाडातून पिल्लू आणून दिलं. जात भुतिया, म्हणून तिनं नाव ठेवलं भुत्या. बर्फात राहायचा जीव, अंगावर वीतभर लोकर, आणि नशिबी काय, तर आमची चिकट हवा. त्याचं आणि माझं पूर्वी फारसं बोलणं नव्हतं. ती गेल्यावर दोघंच उरलो, मग बोलावं लागायचं.

गणपती झाले, ऊन तापलं आणि भुत्याचे केस गळायला लागले. गळायला म्हणजे कसे? पाठीवर हात ठेवला की फाटक्या गादीतून कापूस यावा तसा पुंजका हातात. सावंतवहिनींच्या पापडांवर केस, चाळीतल्या वैती मावशीनं दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांवर केस. माझ्या आमटीत एखाद्या दिवशी केस नसला तर मी ताट फिरवून फिरवून शोधायचो.

जाड लोकरीची कुत्री ऋतू बदलला की अंगावरची लोकर टाकतात, हे तुम्हाला माहीत असेल. मला नव्हतं. बायको होती तेव्हा घरात केस कधी दिसलाच नव्हता. त्यामुळे माझ्या मनानं एकच घेतलं: याला कोणीतरी काहीतरी खाऊ घालतंय.

एकदा हे डोक्यात शिरल्यावर संशय घ्यायला माणसं कमी का पडतात? नळावरच्या बायका मला बघून बोलायच्या थांबत. का थांबत? वैती मावशी रोज भुत्याला बोंबलाचं डोकं टाकायची. का टाकायची? शेजारचे सावंत, रेल्वेतले, अगदी सरळ माणूस. ते एकदा त्याला पोळी घालत होते. मी ती त्याच्या तोंडातून काढली आणि हुंगून पाहिली.

सावंत बघत राहिले. म्हणाले, "भाऊसाहेब, तूप लावलंय तिला."

"तेच बघतोय," मी म्हणालो.

मग चाळीचे मालक शेठ आले. पांढरंशुभ्र धोतर नेसून आले. भुत्यानं प्रेमानं अंग घासलं आणि धोतराचं कांबळं झालं.

"भाऊसाब, बहुत हो गया," शेठ म्हणाले. "पूरा चाल कंप्लेन करता है. अगले इतवार तक बाल बंद करो, नहीं तो कुत्ता बंद करो."

पूरा चाल. म्हणजे माझा संशय खरा होता तर. कुत्रा घालवायचा म्हणजे तिची पावलं ओळखणारं घरातलं शेवटचं कोणीतरी घालवायचं. हे काही मी शेठना सांगितलं नाही. "बघतो," एवढंच म्हणालो.

आणि गेलो स्टेशनजवळ बाबू न्हाव्याकडे.

"कुत्र्याची हजामत?" बाबूनं आधी दाराबाहेर बघून घेतलं. "अहो, बाजारात कळलं तर या खुर्चीत माणूस बसेल का?"

मी खूप गयावया केली तेव्हा तो म्हणाला, "सोमवारी दुकान बंद असतं. घरी येतो. पण दार लावून. आणि कोणी विचारलं तर तुम्ही तोंड उघडायचं नाही. शपथ घ्या."

घेतली शपथ.

सोमवारी सकाळी बाबू पेटी घेऊन आला. दार लावलं. मशीन पाठीला लागताच भुत्यानं जो गळा काढला, तो संपेपर्यंत थांबला नाही. दुपारी बाबू खालमानेनं निघून गेला. लोकर एवढी निघाली की दुसरा भुत्या भरून उरला असता. ती घरात ठेवून चालणार नव्हती. जुन्या पांढऱ्या धोतरात तिचं गाठोडं बांधलं, कोणाशी न बोलता खाडीवर नेलं आणि भरतीच्या पाण्यात सोडून आलो. तोवर सदऱ्याच्या आत, मानेवर, कानात सगळीकडे केस टोचत होते. मग काय, तसाच कपड्यांसकट नळाखाली बसलो आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

सगळी चाळ बघत होती. नळावर रांग होती, पण कोणी घाई करेना. यांना कळलं, मी मनात म्हणालो.

घरी येऊन भुत्याला स्वयंपाकघरात कोंडलं, तेवढ्यात सावंत आले. टोपी काढून, न बोलता जमिनीवर बसले. मागून आणखी चारपाच जण आले, तेही बसले. म्हणजे हे शिष्टमंडळ. कुत्र्याला हाकलल्याशिवाय उठायचे नाहीत. मीही ताठ बसलो. बघू कोण आधी बोलतं ते.

सावंतवहिनी झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. आत पिठलं-भात. आजवर पापडांवरून भांडणारी बाई आज न मागता जेवण आणते? विष. कुत्र्याला घालून झालं, आता मला.

"भूक नाही," मी म्हणालो.

वैती मावशी पुढे सरकली. "अरं भाऊ, दोन घास तरी खा. असा उपाशी बसून चालतंय काय?"

"आधी तुम्ही खा," मी म्हणालो.

मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि एक घास खाल्ला. "ह्ये बघ, खाल्ला. आता तू खा." मी तिला काही होतंय का, याची वाट बघत थांबलो. तिला काहीच होईना, तेव्हा माझा संशय भातावरून पिठल्यावर गेला.

तेवढ्यात शेठ आले. हात जोडून उंबऱ्यात उभे राहिले. "भाऊसाब, कुत्ते की फिकर मत करो. जब तक मैं हूँ, वो इधरही रहेगा. सबके सामने बोलता हूँ."

माझा कानांवर विश्वास बसेना. मी विचारलं, "का?"

"अरे भाई, माँ तो माँ होती है."

"कोणाची आई?"

सावंतांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "धक्का बसलाय त्यांना," ते इतरांना म्हणाले. मग मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमची."

माझी आई रत्नागिरीकडे, गावी, माझ्या धाकट्या भावाकडे असायची. मी उठून उभा राहिलो की बसलो, आठवत नाही. एक माणूस जाऊन वर्ष झालं नव्हतं. माझी आई गेली, तार सावंतांच्या हाती पडली आणि हे लोक मला बेतानं सांगायला बसलेत, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी रडलो. बायकोच्या वेळी चारचौघांत रडलो नव्हतो, त्या दिवशी तेही राहिलेलं रडून घेतलं. मला बघून मावशीनं सूर लावला, वहिनींनी लावला, आणि आतून भुत्यानं लावला.

बऱ्याच वेळानं मी म्हणालो, "सावंत, तार द्या ती. बघू तरी."

"तार तुमच्याकडे असेल ना?" सावंत म्हणाले.

"माझ्याकडे कशी? तुम्हाला आली ना?"

"आम्हाला कोण पाठवणार?"

"मग तुम्हाला कोणी सांगितलं आई गेली म्हणून?"

सावंत चाचरले. "अहो, सोमवारी न्हावी घरी आला, दार लावलं, आतून रडणं. मग तुम्ही पांढरं गाठोडं खाडीत सोडलंत. अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केलीत. डोकं, मिशा तशाच दिसल्या, तर वाटलं, एवढ्या रडण्यात न्हाव्याला जमलं नसेल. तुमचं वडीलधारं माणूस म्हणजे आई तेवढीच, आणखी कोणी काय सांगायला पाहिजे?"

बरोबरच होतं. सुतक लागलं की माणूस जे जे करतो, ते ते मी क्रमानं केलं होतं. आणि दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पिठलं-भात आणतात, हे मला ठाऊक नव्हतं का? वर्षापूर्वी याच वहिनींनी, याच पातेल्यातून आणला होता.

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि भुत्या बाहेर आला. चेहऱ्याला केस, शेपटीला झुपका, मधे नुसती गुलाबी कातडी. सरळ पातेल्याकडे गेला आणि पिठलं खाऊ लागला.

"मग न्हावी याच्यासाठी?" शेठ ओरडले. "माताजी जिंदा है?"

"आहे बहुतेक," मी म्हणालो.

"तो मेरा बात कॅन्सल."

मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शेठ, सगल्यांसमोर सबद दिलाव. म्हातारी जित्ती हाय म्हनून मागं घेतंस? मंग तुज्या सबदासाठी तिनं मराचं काय?"

शेठनी देवाचं नाव घेतलं आणि गेले. भुत्या राहिला. मावशी मग माझ्याकडे वळली. "आन् तुला भादराया कोनी सांगितलं? तुजी बायको रोज सकाली त्याला बांधावर नेऊन फनीनं इंचरायची. तू झोपलेला असायचास."

मी भुत्याच्या गुलाबी पाठीवरून हात फिरवला. सावंत मात्र इतका वेळ स्वतःच्या मानेवरून हात फिरवत होते. त्यांनी हळूच विचारलं, "बाबूनं याच मशीननं केलं?"

दोन दिवसांत बाबूची खुर्ची ओस पडली. तो माझ्या दारात येऊन बसला. तोंड मी उघडलं नव्हतं, पण गुपित माझ्याच घरातून फुटलं होतं, भरपाईही मलाच करायला हवी होती. रविवारी भर बाजारात त्याच्या खुर्चीत बसलो आणि मशीन स्वच्छ आहे हे लोकांना पटावं म्हणून डोक्यावरून फिरवून घेतली. कोणीतरी वस्तऱ्याचाही संशय काढला, म्हणून मिशाही दिल्या. बाबूचा धंदा पुन्हा सुरू झाला. ज्यांना काही माहीत नव्हतं ते मात्र माझं डोकं बघून घरी येऊन बसू लागले. दोघांनी पिठलं आणलं.

भुत्याचे केस परत येईपर्यंत त्याला ऊन लागायचं, डास फोडून काढायचे. मी त्याला खोबरेल लावायचो आणि माझा जुना सदरा घालायचो. असे आम्ही दोघे ओसरीवर बसलेले असताना, दिवाळीला न कळवता आई आली.

पिशवी हातातच धरून ती माझ्या डोक्याकडे, मग ओठांवरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली.

"अरे," ती म्हणाली, "मी आहे अजून."