बरोबरच्या चिन्हापुढे

आमच्या प्रोग्रामिंगच्या धंद्यात चुका सुधारल्या की पुसून जातात. किस्से मात्र पुसले जात नाहीत मेले, साठतच राहतात!

ऐंशीच्या दशकातलं अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं आमचं छोटं ऑफिस. गिऱ्हाईक, बोरीवलीच्या लिमयेबाईंचं वधूवर मंडळ. प्रत्येक स्थळाची एक यादी: आधी नाव, मग बरोबरचं चिन्ह, पुढे माहिती, मग स्वल्पविराम. उंची=१६०, शिक्षण=बीकॉम, असं. ही यादी वाचून तपासायचा प्रोग्राम माझा होता आणि मी प्रोबेशनवर.

"डेमोत अडकला, तर कन्फर्मेशन विसर!" कामतसाहेबांनी बजावलं. माझी पार वाट लागली होती.

*

आमचे ऑपरेटर सावंत मालवणचे. पहिल्याच दिवशी त्यांनी टाइप केलं, उंची=बरी. मशीन म्हणालं, आकडा हवा.

सावंत भडकले. "मिया बघलंय त्येका! बरी आसा उंची!"

*

मग आलं, नोकरी=बँकेत, कायम. स्वल्पविरामापुढचं 'कायम' मशीनला नवीन नाव वाटलं. पडद्यावर उत्तर: 'कायम असं काही नसतं.'

सावंतांनी माझ्याकडे बघितलं. "तुका पण सांगता काय गो?"

*

एका यादीत वय दोनदा! वय=२८, वय=३१. मी ठरवलं, शेवटचं धरायचं.

"अगदी बरोबर," लिमयेबाई म्हणाल्या. "पहिलं वडिलांनी सांगितलेलं असतं!"

*

डेमोला लिमयेबाई खरंच स्थळ घेऊन आल्या. तिशी उलटलेली, शाळेत शिकवणारी सुधा आणि तिचे वडील. वडील सांगत होते, सावंत टाइप करत होते. झकास चाललं होतं.

"अपेक्षा?"

"काही नाही. रिकामं सोडा."

सावंतांनी एंटर मारलं. मशीन अडलं. 'अपेक्षा: माहिती हवी.'

संपलं, म्हटलं! कामतसाहेब लालबुंद. "ती अट काढ! आत्ताच्या आत्ता!"

"अहो, मुलीची बाजू आमची," वडील समजावू लागले. "आम्हाला कसली अपेक्षा?"

"अट काढाल तर खबरदार!" लिमयेबाई कडाडल्या. "मला प्रोग्राम अस्साच हवाय. पास!"

आनंदानं मला रडूच कोसळणार होतं. तेवढ्यात सुधा उठली. "सरकता का जरा?" म्हणून सावंतांच्या खुर्चीत बसली आणि एका बोटाने टाइप करायला लागली.

ओळ ऐंशी अक्षरांची. ती भरली, मशीन बीप बीप करायला लागलं.

सुधा माझ्याकडे वळली.

"पुढची ओळ मिळेल का?"