तीन बटणं

बेदाण्याचं पाकीट फोडलं की तासगावच्या बेदाणा-व्यापाऱ्याचं ऑफिस आठवतं. तिथं मी टायपिस्ट होते आणि माझ्या वेगाचं सगळ्यांना कौतुक होतं. मग कॉम्प्युटर आला. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, आणि त्याच्यासाठी एक नवी मुलगी ठेवलेली. स्क्रीन अडकली की ती तीन बटणं एकदम दाबायची, मशीन पुन्हा सुरू व्हायचं आणि मालक म्हणायचे, "पोरगी लय हुशार हाय!" माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा ती जेवायला गेली असताना स्क्रीन अडकली. तिला हाक मारायची नव्हती, म्हणून मी भिंतीतली पिनच उपटली. सांगलीहून मेकॅनिक येईपर्यंत मशीन बंद. मालक तिच्यावरच ओरडले. मी खाली मान घालून टाइप करत राहिले. मशीन सुरू झाल्यावर तिनं माझी बोटं धरून त्या तीन बटणांवर ठेवली. "आवं ताई, पिन वडायची न्हाई. आसं दाबायचं." तिच्या त्या चांगुलपणाचा मला जास्तच राग आला. आता माझा फोन अडकला की मी बाजूची बटणं दाबून धरते. शेजारीण विचारते, "कसं केलंत हो?" मी सांगत नाही.