खंडेनवमीची काळी रायफल

इकडे परदेशात, मलिंगार गावाबाहेर, आमच्या घराला एकच शेजारी आहे. सत्तरी ओलांडलेला, मेंढ्या पाळणारा, एकटा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. मारलेले कोल्हे तो आमच्या बाजूच्या कुंपणाला उलटे टांगतो. बाकीच्यांना दहशत बसते, असं त्याचं म्हणणं. वाऱ्यावर ते सावकाश फिरतात. तोंडं कधी शेताकडे, कधी आमच्या खिडकीकडे.

त्याच्याकडे लहान बोअरची, म्हणजे बारीक नळीची, सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते. साध्या रायफलीचा बोल्ट दर गोळीनंतर हाताने मागेपुढे ओढावा लागतो. ते त्याला जमत नव्हतं. मार्चमध्ये मेंढ्या व्यायल्या की कोल्हे कोकरं उचलतात. ही रायफल होती म्हणून कळप टिकून होता.

इथे बंदुकीचा परवाना दर तीन वर्षांनी नवा करावा लागतो. बंदुकीचे वर्ग दोन: साधी आणि निर्बंधित. त्याची साधी होती. पण अशी रायफल दिसायला लष्करी असेल तर ती निर्बंधित ठरते, आतलं यंत्र तेच असलं तरी. त्या उन्हाळ्यात त्याने लाकडी दस्ता काढून काळा प्लॅस्टिकचा बसवला होता. त्याला पिस्तुलासारखी मूठ होती आणि ती त्याच्या बोटांना धरता येत होती.

ऑक्टोबरमध्ये आई नागपूरहून आली होती. खंडेनवमीला तिने पाटावर लॅपटॉप, पाना, विळी मांडली. शेजारी अंडी द्यायला आला आणि हे काय म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं, ज्याच्यावर पोट चालतं त्याची आज पूजा.

"त्याले म्हण, त्याची बंदूक आण," आई म्हणाली.

"आई, अगं ती खरी आहे."

"मंग? खोटीची पूजा करतेत का?"

तो हसला, घरी गेला आणि पेटी घेऊन आला. गोळ्यांचं मॅगझीन काढून त्याने रिकामी नळी आधी मला दाखवली, मग आईला. रायफल पाटावर ठेवून तो तिथेच जवळ उभा राहिला. आईने नळीला कुंकवाचं बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं.

"गरम हाये बाप्पा."

मी ते त्याला सांगितलं. "असणारच," तो म्हणाला, "आत्ताच एक कोल्हीण पडली. अजून तिला कुंपणाला बांधायची आहे."

मग दस्त्याला कुंकू लावून आईने पिवळी शेवंती वाहिली. कुंकू काळ्या प्लॅस्टिकवर ओलंच राहिलं. मी फोटो काढला.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी अकरा वर्षं फोटोंखालच्या ओळी लिहिल्या आहेत. हात आपोआप चालतो. "मलिंगारमध्ये खंडेनवमी. पूजेत लष्करी धाटणीची रायफल." ओळीसकट फोटो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेला.

"दादा, बॉर्डरवर निघालात की काय?" एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, "काकूंना मानलं!" एका बाईंनी विचारलं, "घरात मुलं असताना हे?"

तीन आठवड्यांनी दुपारी एक पोलीस, इथल्या भाषेत गार्डा, दारात आला. शेजारी त्याच्याबरोबर होता. गार्डाच्या हातात मी काढलेला, कुणीतरी ग्रुपवरून पुढे पाठवलेला फोटो होता आणि खाली माझ्या ओळीचं नेटकं इंग्रजी भाषांतर.

"हे शब्द तुमचे?"

"हो."

"तुम्हाला ती तशी दिसते?"

शेजारी माझ्याकडे बघत नव्हता. तो कुंपणाकडे बघत होता. फोटोत ती तशी दिसत होती. मी हो म्हणालो.

मग आम्ही त्याच्या शेडमध्ये गेलो. जुना लाकडी दस्ता खुंटीवर होता. तो बसवला तर रायफल पुन्हा साधी ठरू शकेल, असं गार्डा म्हणाला आणि त्याने दस्ता शेजाऱ्याच्या हातात दिला. त्याने धरून बघितला. दोन वेळा तो निसटून खाली पडला. तिसऱ्यांदा गार्डानेच उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला. जाताना तो रायफल घेऊन गेला.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"तू बघितलंस ते लिहिलंस," शेजारी म्हणाला. "मी ती हातात घेऊन आरशात बघितलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो."

निर्बंधित वर्गातला परवाना त्याला मिळाला नाही. फेब्रुवारीत, मेंढ्या व्यायच्या आधी, ट्रेलर येऊन विकलेला कळप घेऊन गेला. नंतर आठवडाभर शेतात काहीच हललं नाही.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात होतो. तो रोजच्या वेळी खाद्याची बादली घेऊन फाटकाशी आला आणि त्याने मेंढ्यांना घालायची शीळ घातली. सवयीने घातली असावी. घातल्यावर तो स्वतःच थबकला. कुंपणातून दोन कोल्हे बाहेर आले. लख्ख उजेड होता. ते चालत फाटकापाशी आले आणि त्याच्यासमोर बसले.

त्याने थोडा वेळ वाट बघितली. मग बादली त्यांच्यापुढे खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला.