बांगड्याचे दात आणि मंजुळाचे

पौष लागला होता. उत्तरेचा कोरडा गार वारा सुटला होता, बोंबील सुकवायला मागून मिळणार नाही असा. साल अठराशे चौऱ्याण्णव. माझगावच्या कोळीवाड्यात मंजुळा पहाटेपासून बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडीपाशी उभी होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची. हात भराभर चालायचे, तोंड त्याहून भराभर. पायाशी एक तपकिरी कुत्रा बसून कावळ्यांना दम देत होता.

हा कुत्रा आठ दिवसांपूर्वीचा पाहुणा. रे रोडकडची एक लाकडाची वखार उठली आणि मालक त्याला तिथंच टाकून गेला. मंजुळा रिकामी टोपली घेऊन परतत होती, तिच्या वासावर हा मागोमाग आला. पाठीवर पट्टे होते म्हणून तिनं नाव ठेवलं बांगडा.

तिच्या नवऱ्याचा, लहूचा, कुत्र्यावर राग नव्हता. पण मागचा कुत्रा आला तेव्हाच म्हातारा होता आणि चार महिन्यांत गेला. मंजुळानं तीन दिवस चूल पेटवली नाही. चौथ्या दिवशी बाजारात बसली ती एकाही गिऱ्हाइकाशी भांडली नाही, तेव्हा लहू खरा घाबरला. म्हणून यंदा त्यानं आधीच सांगून टाकलं, तरणा असेल तर राहू दे, म्हातारा असेल तर आजच कुठंतरी सोडून येतो.

आता वय कसं काढायचं? मासा किती दिवसांचा ते मंजुळा कल्ला न उचलता सांगे. पण माशाचं वय मेल्यापासून मोजतात, कुत्र्याचं जन्मल्यापासून. तिथं तिची विद्या संपली.

मग अप्पाला बोलावलं. अप्पा साताऱ्याकडचा, त्याच वखारीची बैलगाडी हाकायचा. बैलाचे दात बघून वय सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं बैलबाजारात बसतात तशी बैठक मारली, बांगड्याचा ओठ उचलला आणि मान हलवली.

"पुढचे दात पार झिजल्यात. बारा वर्सांचा हाय."

लहू दोर शोधायला गेला.

मंजुळानं हात पदराला पुसले, अप्पाच्या समोर येऊन बसली आणि आपलेच दात विचकले.

"मंग माजं वय सांग."

तिचे पुढचे दात निम्मे उरले होते. अप्पा सरळ माणूस. त्यानं दात पाहिले, दोर घेऊन आलेल्या लहूकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "साठी उलटली आसंल, बाई."

शेजारची राधाबाई इतकी हसली की तिच्या हातातली जोडी वाळूत पडली. मंजुळाला छत्तिसावं चालू होतं. सात वर्षांची असल्यापासून बापाच्या जाळ्यांचं सूत तिनं दातांनी तोडलेलं.

"ये दात वयानं नाय खाल्लं, सुतानं खाल्लं," ती म्हणाली. "मेल्या, त्याचं मागचं बग."

बैलाच्या वरच्या जबड्यात पुढं दातच नसतात, म्हणून अप्पानं जन्मभर खालचे पुढचेच पाहिले होते. आता त्यानं बांगड्याच्या ओठाचा कोपरा मागं ओढला. दाढा पांढऱ्याशुभ्र, टोकदार, पिवळा डाग म्हणून नाही. मग त्याचं त्यालाच आठवलं. वखारीत हे बेणं काथ्यानं बांधलेलं असायचं आणि दिवसभर काथ्या कुरतडायचं. महिन्याला नवा दोर लागायचा.

"तीन," अप्पा म्हणाला. "लई झालं तर चार." आणि बैल सोडून दुसऱ्या जनावराचं मला विचारू नका, असंही वर पुटपुटला.

लहू दोर हातात घेऊन उभाच होता. त्यानं बांगड्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"म्हंजे आजून आठ-धा वर्सा तू बाजारात भांडशील," म्हणाला, आणि दोर खांद्यावर टाकून होडीकडे निघाला.

मंजुळानं राधाबाईची पडलेली जोडी उचलली, वाळू झटकली. ऊन चढत होतं आणि अर्धी पाटी अजून भरलेली होती. तिनं पुढचा बोंबील घेतला.