अग्निपूजनाच्या दिवशी

बॉयलर नवा रंगवलेला दिसला की माझं डोकं फिरतं. साखर कारखान्यात गाळप सुरू व्हायच्या आधी बॉयलरचं अग्निपूजन असतं, पाहुणे येणार म्हणून त्याला चंदेरी रंग फासतात. वरून कीर्तन, आतून तमाशा! खाली लोखंड किती उरलंय, ते शोधणं माझं काम.

राहुरीकडच्या त्या कारखान्याने आधी मुहूर्त काढला आणि तपासणीला मला बोलावलं ते थेट पूजेच्या सकाळी. मांडव घातलेला होता. जुने फायरमन आणि त्यांची बायको पूजेला पाटावर बसले होते. उभा जन्म त्यांनी हाच बॉयलर पेटवला होता. एरवी हा मान संचालकांच्या घरांतच फिरायचा. यंदा फायरमन निवृत्त होणार म्हणून त्यांना मिळाला होता.

बॉयलरच्या तळाशी जाड पाइप असतो. त्याच्यावरचा रंग मी खरवडला. ओली राख साचून साचून लोखंड खाल्लं गेलं होतं. जाडी मोजली, खात्रीसाठी पुन्हा मोजली, आणि मॅनेजरांना सांगितलं, पेटवायचा नाही.

"मॅडम, नुसतं एक लाकूड ठेवू. पूजेपुरतं."

मी त्यालाही नाही म्हटलं. अग्निपूजनाचा विस्तव कोणी विझवत नाही, अपशकुन मानतात. लाकडावर लाकूड पडत जातं आणि दुरुस्ती पुढच्या हंगामावर ढकलली जाते. हे मी पाहिलेलं आहे.

फायरमन पाटावरून अर्धवट उठले. "लई वर्सं चालवलाय मी ह्याला. काई हुत न्हाई त्याला. नेमकं आमच्याच येळेला तुमाला खोट दिसली व्हय?"

जन्मात एकदा मिळालेला त्यांचा मान माझ्यामुळे जात होता. मला फार वाईट वाटलं.

त्यांच्या बायकोने विचारलं, "ताई, फुटला तर कुठं फुटंल?"

मी पाइपाकडे बोट दाखवलं.

"आन् हे कुठं हुबे ऱ्हात्यात?"

मी बोट हलवलं नाही.

ती उठली. तिच्या पदराला त्यांच्या उपरण्याची गाठ होती. गाठ न सोडताच ती मांडवाबाहेर चालू लागली. ते रागाने बडबडत होते, पण त्यांना मागोमाग जावं लागलं.