टिळेमिस्त्री

टिळेमिस्त्री नट आवळायचे, फडक्याने पुसायचे, मग पिवळ्या ऑइलपेंटच्या डबीत आगपेटीची काडी बुडवून त्याला एक बारीक टिळा लावायचे. प्रत्येक नटाला. गाडी कितीही खटारा असो, गिऱ्हाईक कितीही घाईत असो, टिळा लागल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर हलायची नाही. कोणी थट्टेने विचारलं, "मिस्त्री, ही कसली पूजा?" तर "पूजाच समजा," एवढंच म्हणायचे. त्यावरून शहापूरपासून किन्हवलीपर्यंत त्यांचं हेच नाव पडलं. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं. ते मी त्यांच्या फोटोखाली वाचलं, तेव्हा फोटोला हार होता.

किन्हवली रस्त्याला, शहापूरची वस्ती संपते तिथे त्यांचं गॅरेज होतं. चार खांब, वर पत्रे, एक खड्डा आणि एक बाकडं. गिऱ्हाइकाला परत पाठवणारा असा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. माझी जुनी सात सीटची व्हॅन पहिल्यांदा त्यांच्याकडे नेली ती झटके खाते म्हणून. त्यांनी प्लग काढला, माझ्या हातात दिला आणि पॉलिश पेपरचा तुकडा दिला. "घासा," म्हणाले. मी घासला, त्यांनी तो माझ्याकडूनच परत बसवून घेतला. पैसे विचारले तर हसले. "काम तुमी केलात, पैशे मला कशाला? आता एवढ्यासाठी परत येऊ नका."

मी वाशिंदच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दिवसभर नट, बोल्ट, बेअरिंगं काढून देतो, त्यामुळे यंत्रातलं आपल्याला बरंच कळतं, असा माझा समज आहे. मिस्त्रींमुळे तो फुगला. एअर फिल्टर मी बदलू लागलो, वायपर बदलू लागलो, एकदा तर डायनामोचा पट्टासुद्धा चढवला आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. मिस्त्री मनापासून कौतुक करायचे. पण एका ठिकाणी त्यांचा हात आडवा यायचा. "गाडी चालायची कामं तुमी करा. थांबायची कामं माझ्याकडं आणा." का, असं मी विचारलं तर म्हणाले, "बंद पडली तर चार जण ढकलतील. थांबली नाय तर कोणाला हाक मारणार?"

हा नियम ते स्वतःलाही लावायचे, आणि त्यावरून त्यांची फार चेष्टा व्हायची. स्वतःच्या स्कूटरचे ब्रेक ते स्वतः करायचे, पण मग ती वाशिंदच्या एका मिस्त्रीला दाखवून यायचे. रीतसर पैसे देऊन. मीही एकदा चिडवलं, की मिस्त्री, तुमचाच तुमच्यावर विश्वास नाही, मग आम्ही कसा ठेवायचा? ते रागावले नाहीत. "आपल्या हातची चूक आपल्या डोळ्याला दिसत नाय हो. दुसऱ्याला लगेच दिसते."

आणि गिऱ्हाइकाच्या गाडीचे ब्रेक केले, की पुढचा जो उतार आहे तिथवर गाडी न्यायला लावायचे. गाडी मालकाने चालवायची आणि हे डाव्या बाजूच्या सीटवर बसायचे, हात मांडीवर ठेवून. "मारा ब्रेक," म्हणायचे. तीनदा मारायला लावायचे. एकदा पाऊस धोधो कोसळत होता, मी म्हटलं, राहू द्या, तुम्ही कशाला भिजता. तर म्हणाले, "ब्रेक मी केलाय. मग शेजारी मीच बसनार ना?"

अशा माणसाशी मी जे केलं ते आता लिहितो. कितीतरी वर्षं मी ते गोड करून सांगायचीसुद्धा हिंमत केली नव्हती.

माझ्या मेव्हण्याच्या, म्हणजे प्रकाशच्या मुलीचा मुरबाडला साखरपुडा होता. त्याच्या पंधरा दिवस आधी ब्रेक दाबला की व्हॅन एका बाजूला ओढू लागली. मिस्त्रींनी चाक काढून पाहिलं आणि सांगितलं, की पुढचे दोन्ही पाइप फुगलेत, पॅड संपलेत, सगळं बदलावं लागेल. आकडा ऐकून माझा चेहरा पडला. ते म्हणाले, "सावकाश द्या, पण काम करून घ्या." मी "बघतो" म्हणून गाडी घरी आणली आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून बसलो. कुठलातरी हसरा मुलगा दहा मिनिटांत हेच काम करून हात झटकत होता. खरं सांगायचं तर पैशांपेक्षा मला त्या हात झटकण्याचा मोह पडला. कल्याणहून सामान आणलं आणि एका रविवारी, बायको साखरपुड्याच्या खरेदीला गेली होती तेव्हा, अंगणात गाडी जॅकवर चढवली.

काम झालं. दुपारपर्यंत झालं आणि चांगलं झालं, असं मला वाटलं. फक्त एक तांब्याचा वायसर उरला. नखाएवढी चकती. जुळवाजुळव संपली तरी ती फरशीवर तशीच. मी स्टोअरचा माणूस. पाकिटात एखादा नग जास्त येतो हे मला रोज दिसतं. मी तो शर्टाच्या खिशात टाकला, गल्लीतून दोन चकरा मारल्या, ब्रेक कडक लागला, आणि मी सुपारी खाल्ली.

अडचण एकच होती. माझी बायको नीता आधीच म्हणाली होती, "ब्रेकचं काम टिळेमिस्त्रींकडूनच. नाहीतर मी एसटीने जाईन." ती परत आल्यावर मी तिला सांगितलं, की काम त्यांनीच केलं. ती म्हणाली, "टिळा दाखवा." आता हसू येतं, तेव्हा घाम फुटला होता. "ऊन उतरलं की दाखवतो," म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो, पिवळ्या रंगाची सगळ्यात लहान डबी आणली, आणि ती आत चहा टाकत असताना काडी बुडवून प्रत्येक नटाच्या डोक्यावर मधोमध ठिपका लावला. संध्याकाळी चाक वळवून तिला दाखवलं. तिने वाकून बघितलं आणि गमतीने नटाला नमस्कार केला. "आता बसते," म्हणाली.

साखरपुड्याच्या सकाळी ती नव्या साडीत डाव्या बाजूच्या सीटवर बसली. किन्हवली मागे टाकल्यावर एक उतार लागतो, खाली मोरी आहे. समोर गुरं आली. मी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. दुसऱ्यांदा दाबला, तर जणू मी रिकाम्या जागेवर पाय आपटत होतो. गुरांना चुकवताना गाडी बाजूच्या खाचरात उतरली आणि बांधावर आदळली. मला खरचटलंसुद्धा नाही. नीताने आधारासाठी उजवा हात पुढे टेकला होता. त्याचं मनगट मोडलं.

ती रात्र मुरबाडच्या दवाखान्यात गेली, साखरपुडा आमच्याशिवाय झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाश आम्हांला त्याच्या गाडीतून शहापूरला सोडायला निघाला. माझी व्हॅन टेम्पोवर चढवून त्याने बरोबर घेतली होती. मिस्त्रींच्या गॅरेजसमोर त्याने गाडी थांबवली आणि व्हॅन तिथे उतरवायला लावली. बाकड्यावर तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यात शाळेची मुलं नेणारे दोन व्हॅनवाले होते. प्रकाश सगळ्यांसमोर ओरडला, "हा तुमचा ब्रेक! माझ्या बहिणीचा हात मोडला. उद्या कोणाचा जीव घ्याल!" मिस्त्री हात पुसत पुढे आले. प्रकाश माझ्याकडे वळला. "भावोजी, काम ह्यांनीच केलंय ना?"

मी म्हणालो, "टिळा आहे ना."

मी 'हो' म्हटलं नाही, हे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. किती हलकट समाधान असतं माणसाचं!

मिस्त्री चाकाशी वाकले. त्या ठिपक्यावर त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. मग वर माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या मागे उभ्या गाडीत नीता बसली होती तिच्याकडे पाहिलं. तिचा हात गळ्यात बांधलेला होता आणि ती काचेतून सगळं बघत होती. मिस्त्री उठले. "हात चुकला असेल माझा," म्हणाले. "गाडी ठेवून जा. दुरुस्त करून देतो, पैशे नको." प्रकाश आणखी बरंच बोलला. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि मीही मान खाली घालूनच ऐकत होतो, म्हणून लोकांना वाटलं की मला त्यांची दया येते आहे.

तीन दिवसांनी मी एकटाच व्हॅन आणायला गेलो. येताना मनाशी सगळी वाक्यं जुळवली होती. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. मिस्त्रींनी चाक वळवून मला खाली वाकायला सांगितलं. "हा माझा टिळा बगा. अर्धा नटावर, अर्धा बाहेरच्या पत्र्यावर. नट जरा जरी फिरला तरी टिळा मधनं तुटतो. मग लांबून कळतं, हा ढिला झालाय. त्यासाठी लावतो मी." मग म्हणाले, "नुसत्या नटाच्या डोक्यावर लावलेला टिळा नटाबरोबर फिरतो. तो काय सांगनार?"

इतकी वर्षं मी त्याला त्यांची सही समजत होतो.

"पाइपच्या बोल्टला दोन वायसर लागतात," ते म्हणाले, "एक वर, एक खाली. एक नसला तर ब्रेकचं ऑइल थोडं थोडं गळून जातं. एक घरी उरला असेल ना? टाकू नका."

मी विचारलं, "मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाही?"

"वैनी बगत होत्या. मोडका हात घेऊन त्यांना तुमच्याबरोबरच घरी जायचं होतं." मग ते हत्यारं पुसायला लागले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी येऊन बोलाल असं वाटलं मला. तीन दिवस वाट बगितली."

"बोलतो," मी म्हणालो. "आजच सांगतो सगळ्यांना." आणि सांगितलं नाही. त्या संध्याकाळी नीताचा हात ठणकत होता, दुसऱ्या दिवशी प्रकाश आला होता, तिसऱ्या दिवशी कारखान्यात माझी रात्रपाळी होती. कारण रोज मिळतं. आठवडाभरात ते सांगणं जड झालं आणि महिन्याने अशक्य झालं. शाळेच्या व्हॅनवाल्यांनी गाड्या दुसरीकडे नेल्या. "टिळेमिस्त्रीचा ब्रेक गेला" हे किन्हवलीच्या चहाच्या टपरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि चहा संपवून उठलो.

माझ्या गाडीवरचा तो टिळा त्यांचा शेवटचा. पुढे एकदा त्यांच्या बाकड्यावर पिवळी डबी वाळून खडखडीत झालेली दिसली. मी विचारलं तर म्हणाले, "आता कशाला? आता तो कोण पन लावतो." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मला जास्त लागलं. दोन वर्षांनी त्यांनी गॅरेज बंद केलं आणि खर्डीजवळच्या आपल्या गावी गेले.

गेल्या दिवाळीनंतर ते वारल्याचं कळलं. मी नीताला म्हटलं, दहाव्याला जाऊन येऊ. ती म्हणाली, "मी नाही येणार. तुम्ही जा." तिच्या मनगटाला अजून पीळ देता येत नाही, ओला कपडा ती डाव्या हाताने नळाला गुंडाळून पिळते. मी एकटाच गेलो. पडवीत फोटो होता, अंगणात त्यांची स्कूटर. मी स्कूटरच्या चाकाशी वाकलो. नटावर पिवळा टिळा होता, जुना, फिकट झालेला. अर्धा नटावर, अर्धा बाहेर. कुठेही तुटला नव्हता.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कपाटातून तो तांब्याचा वायसर काढला आणि नीताच्या तळहातावर ठेवून सगळं सांगितलं. रंगाच्या डबीपासून "टिळा आहे ना"पर्यंत. ती चकती बोटांनी फिरवत ऐकत राहिली. मला वाटलं, आता हाताचं बोलेल. हाताचं ती अवाक्षर बोलली नाही.

"गॅरेज होतं तोवर बाजारात भेटायचे ते," ती म्हणाली. "दर वेळी थांबून विचारायचे, वैनी, हात कसा आहे? आणि मी तोंड फिरवून पुढे जायचे. दर वेळी."

मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"ती आहेच. पण तोंड मी फिरवलं ना. ते आता मी कोणाला सांगू?"

तिने डोळे पुसले आणि डाव्या हाताने मोबाइल घेतला. "उद्या खर्डीला जायचं. त्यांच्या बायकोसमोर तुम्ही बोलायचं," ती म्हणाली. "आणि प्रकाशला आत्ता सांगायचं. मी नाही सांगणार, तुम्ही सांगा. मी शेजारी बसते."

तिने फोन लावला, माझ्या हातात दिला आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली, हात मांडीवर ठेवून.