छाट हाय तर माझी मला दे

बंद पडलेला, उघडून चालू केलेला रेडिओ. सायकलच्या डायनॅमोवर लागणारा कंदील. आणि आईच्या सुपावर बरोबर उजेड पडेल असा वाकवलेला दिवा... हे सगळं माझ्या हातचं. शिकवायला कुणी नव्हतं. मोडायचं, बघायचं, जोडायचं.

आई निपाणीत बिड्या वळायची. उजेड कमी पडला की छाट जास्त निघायची. छाट म्हणजे तपासनिसानं नापास केलेली बिडी. तिचे पैसे नाहीत आणि बिडीही परत नाही... ती कारखान्यातच राहायची, विकलीही जायची.

आता मीच तपासनीस आहे. बेळगावजवळ एक क्लीनरूम उभी राहतेय, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशी खोली. तिथलं इलेक्ट्रिकल काम तपासतो. तोंडात शब्द मात्र तोच बसलाय... "छाट!"

परवा सिद्राम वायरमनचं काम छाट काढलं. भिंतीतून आलेल्या पाइपचं तोंड त्यानं सील केलं होतं, पण मागच्या अंगाला केसाएवढी फट. धुळीला तेवढी पुरते.

"अण्णा, पोरगी बघायला गेलता तवा बी टॉर्च घेऊनच गेलता काय?" सिद्रामच्या या बोलण्यावर सगळे हसले, मीही हसलो. दुपारच्या आत त्यानं फट नीट भरली, मी काम पास केलं. विषय संपला असं वाटलं...

संध्याकाळी ठेकेदार मला चहाला घेऊन गेला. "लई बारीक नजर हाय तुमची. आता छाट निघाली की त्या दिवसाची मजुरी कट!"

"पण सिद्रामनं काम नीट करून दिलंय. ते तुम्ही वापरणारच ना?"

"वापरणारच की!"

आणि मला आई दिसली. बिडी कारखान्याच्या खिडकीशी उभी राहून तपासनिसाला म्हणणारी, "छाट हाय न्हवं? मग माझी मला दे की रं!"

मी ठेकेदाराला म्हटलं, "मजुरी कापणार असाल तर सिद्रामला त्याचा पाइप उपटून घरी नेऊ द्या." शनिवारी सिद्रामला पूर्ण मजुरी मिळाली.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "चहाचं पैसं कुणी दिलं रं?"

"मीच दिले."

"मग बरं केलास."

नजर माझी मीच कमावली, असं आजवर छाती काढून सांगत आलो. पण छाट काढायची कशी आणि कुठं थांबायचं, ते तिच्याकडून फुकट मिळालंय...

चहा पिताना एक ऑफरही झाली होती. कापलेल्या मजुरीतला निम्मा वाटा माझा. नको म्हटलं. महिन्याला चाळीस हजार सुटले असते.